मोटारगाड्या, विद्युत् व संकरित

विद्युत् घटमालेत साठविलेल्या ऊर्जेवर विद्युत् चलित्राच्या साहाय्याने चालणाऱ्या मोटारगाडीस ‘विद्युत् मोटारगाडी’ म्हणतात. ज्या मोटारगाडीत अंतर्ज्वलन-एंजिन आणि विद्युत् चलित्र या दोहोंचा चालनासाठी उपयोग केलेला असतो, तिला ‘संकरित मोटारगाडी’ (व्यवहारात ‘हायब्रिड’) असे नाव आहे. दोन्ही प्रकारांचा उगम एकोणिसाव्या शतकातील असला, तरी त्यांचा मोठ्या प्रमाणावरील प्रसार एकविसाव्या शतकात झाला. या गाड्यांची मूळ किंमत पेट्रोलच्या तुल्य गाडीपेक्षा जास्त व चालविण्याचा खर्च कमी असतो. त्यामुळे त्या परवडतात की नाही हे गाडी वर्षाला किती किमी. धावते, तिच्यात ऊर्जा कोठे भरता येते आणि शासन तिच्यावर किती कर घेते, या तीन गोष्टींवर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत या गाड्यांची रचना व इतिहास थोडक्यात देऊन त्यांच्या खर्चाचा आणि प्रसाराचा विचार केला आहे. उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यातील विचुंबे या गावाची परिस्थिती घेतली आहे.

इतिहास : रॉबर्ट अँडरसन यांनी १८३० नंतरच्या दशकात स्कॉटलंडमध्ये विजेवर चालणारे प्राथमिक स्वरूपाचे वाहन तयार केले, परंतु त्यातील घट पुन्हा भारित करता येत नव्हते. गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल घट शोधून काढला व काम्यी फोर यांनी १८८१ मध्ये त्यात सुधारणा केली. त्यानंतरच अशा वाहनास व्यावहारिक रूप येऊ शकले. १८८१ मध्ये ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिसमध्ये विजेवर चालणारी तीनचाकी चालवून दाखविली. १८९९ मध्ये काम्यी झेनात्झी या बेल्जियन चालकाने विद्युत् मोटारगाडीतूनच ताशी १०० किमी. वेगाची मर्यादा प्रथम ओलांडली. अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या मोटारगाड्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक गाड्या विद्युत् होत्या. त्या आवाज व धूर करीत नसत आणि सुरू करताना हातदांडा फिरवावा लागत नसे, यामुळे शहरांत त्या लोकप्रिय होत्या. फेर्डिनांट पोर्शे यांनी याच सुमारास पेट्रोल एंजिन, जनित्र आणि चाकांतील चलित्रे यांचा एकत्र उपयोग करणारी संकरित गाडी बनविली.

हा आरंभ पुढे टिकला नाही. १९०८ मध्ये फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही स्वस्त गाडी बाजारात आली आणि १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् आरंभक कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला. खनिज तेल मुबलक मिळू लागले व गावोगावी पेट्रोलपंप झाले. एक किग्रॅ. पेट्रोलात सु. १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, तर तेवढ्याच वजनाच्या शिसे-अम्ल घटमालेत ०.०३ ते ०.०४ किलोवॉट-तास एवढीच ऊर्जा मावते. या तफावतीमुळे विद्युत् मोटारगाडी सु. सात दशके जवळजवळ विस्मृतीत गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिच्याविषयीचे कुतूहल पुन्हा जागे झाले. टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात ‘प्रियस’ ही संकरित गाडी विक्रीस आणली. सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेला लिथियम-आयन घट मोटारगाडीत वापरला जाऊ लागल्यावर पूर्ण विद्युत् गाड्यांचे नवे पर्व सुरू झाले. टेस्ला कंपनीची ‘रोडस्टर’ (२००८) व निसान कंपनीची ‘लीफ’ (२०१०) या त्यातील आरंभीच्या गाड्या होत. लिथियम-आयन घटाच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व आकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

भारतात विक्रीसाठी मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली विद्युत् मोटारगाडी ‘रेव्हा’ ही होय. चेतन मैनी यांच्या पुढाकाराने ती २००१ मध्ये बंगळूर येथे विक्रीस आली. २०१० मध्ये ही कंपनी महिंद्र उद्योगसमूहाकडे आली आणि २०१३ मध्ये तिची ‘ई टू ओ’ ही गाडी निघाली. जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सने ‘नेक्सॉन’ या गाडीचे विद्युत् रूप १३.९९ लाख रु. या आरंभीच्या किंमतीस विक्रीस आणले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणाऱ्या या गाडीमुळे खाजगी ग्राहकांत विद्युत् मोटारगाडी प्रथमच रुजू लागली. त्यानंतर चाकण परिसरातही विद्युत् मोटारगाड्यांचे उत्पादन सुरू झाले आहे. टोयोटा कंपनीने संकरित व विद्युत् गाड्यांच्या कारखान्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथे सु. २०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक करण्याचा सामंजस्य करार महाराष्ट्र शासनाशी जुलै २०२४ मध्ये केला.

रचना व कार्य : विद्युत् मोटारगाडीचे घटमाला, चलित्र आणि इलेक्ट्रॉनीय नियंत्रक हे तीन मुख्य भाग असतात. घटमाला गाडीच्या तळाशी बसविलेली असते. तिच्यातील एकदिश प्रवाहाचे नियंत्रक प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो व त्यावर चलित्र फिरते. चलित्रास शून्य वेगापासूनच पूर्ण परिपीडन मिळत असल्याने क्लच व अनेक दंतचक्रांची गतिपेटी लागत नाही. एंजिन-तेल, गाळणी, ठिणगी-गुडदी, निष्कास नळी इ. भाग नसल्यामुळे देखभालीचा खर्च कमी येतो. घटमालेतील ऊर्जेपैकी ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. पेट्रोल-एंजिनाच्या गाडीत हे प्रमाण साधारणपणे २० ते ३० टक्के असते व उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

वेग कमी करताना चलित्र जनित्रासारखे कार्य करून वीज निर्माण करते व ती घटमालेत परत जाते. यास पुनर्जननी गतिरोधन म्हणतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील बोरघाटाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. खोपोली ते लोणावळा हा चढ सु. ५६० मी. उंचीचा आहे. प्रवाशांसह १,६०० किग्रॅ. वजनाची गाडी एवढी वर नेण्यास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सु. २.४ किलोवॉट-तास, आणि यंत्रणेतील क्षय धरून सु. २.९ किलोवॉट-तास इतकी ऊर्जा जादा लागते. सपाट रस्त्यावर तेवढ्या ऊर्जेत गाडी सु. १९ किमी. गेली असती. उतरताना यांपैकी १ ते १.५ किलोवॉट-तास ऊर्जा घटमालेत परत येऊ शकते. पेट्रोलच्या गाडीत ती सर्व गतिरोधक तापविण्यात व एंजिनाच्या रोधात खर्ची पडते.

लिथियम-आयन घटांचे दोन प्रकार मोटारगाड्यांत विशेष रूढ आहेत. निकेल, मँगॅनीज व कोबाल्ट यांच्या संयुगांचे धनाग्र असलेल्या घटात दर किग्रॅ. ला जास्त ऊर्जा मावते. लोह-फॉस्फेट धनाग्राचा घट त्या मानाने जड असतो. पण तो स्वस्त, दीर्घायुषी व उष्णतेत अधिक सुरक्षित असतो. भारतातील अनेक गाड्यांत हा दुसरा प्रकार वापरतात.

संकरित गाड्यांचे तीन प्रकार करता येतात. ‘सौम्य’ संकरित गाडीत लहान चलित्र एंजिनास केवळ हातभार लावते; त्यावर गाडी स्वतंत्रपणे चालत नाही. ‘पूर्ण’ संकरित गाडी काही अंतर व कमी वेगात केवळ विजेवर चालते. तिची घटमाला अगदी लहान, म्हणजे एक-दोन किलोवॉट-तासांच्या आसपास वा त्याहूनही कमी क्षमतेची असते आणि ती एंजिन व पुनर्जननी गतिरोधन यांच्याकडूनच भारित होते. बाहेरून वीज घ्यावी लागत नाही. टोयोटाच्या पद्धतीत एंजिन, जनित्र व चलित्र यांची शक्ती ग्रहीय दंतचक्रमालेने जोडलेली असते व संगणकीय नियंत्रक प्रत्येक क्षणी त्यांतील वाटा ठरवितो. तिसऱ्या प्रकारात घटमाला मोठी असते व ती बाहेरील विजेवरही भारित करता येते. भारतात या तिसऱ्या प्रकाराचा प्रसार अत्यल्प आहे. पूर्ण संकरित गाडीस गर्दीच्या रस्त्यावर सर्वांत जास्त लाभ होतो. कारण वारंवार थांबण्या-निघण्यात वाया जाणारी ऊर्जा तिच्यात परत मिळते. मोकळ्या महामार्गावर तिचा लाभ कमी होतो.

किंमत : विद्युत् मोटारगाडीच्या किंमतीत घटमालेचा वाटा सर्वांत मोठा असतो. लिथियम-आयन घटमालेची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये दर किलोवॉट-तासास १,००० डॉलरांहून अधिक होती. २०२४ मध्ये ती सु. ११५ डॉलरांपर्यंत उतरली. उत्पादनाचा वाढता आकार, लोह-फॉस्फेट घटांचा प्रसार व चीनमधील कारखान्यांची मोठी उत्पादनक्षमता ही या घसरणीची प्रमुख कारणे होत. भारतात घटांचा मोठा भाग अद्याप आयात होतो.

दुसरा घटक करांचा आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा विद्युत् मोटारगाड्यांवर १२ टक्के, तर बहुतेक संकरित गाड्यांवर अधिभारासह ४३ टक्के कर बसला. विद्युत् गाड्यांवरील कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के करण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अधिभार रद्द होऊन लहान पेट्रोल गाड्यांवर (१,२०० घ. सेंमी. पर्यंतचे एंजिन व ४ मी. पर्यंत लांबी) १८ टक्के व मोठ्या गाड्यांवर ४० टक्के असे दर झाले, विद्युत् गाड्यांवरील ५ टक्के दर कायम राहिला. बाजारातील बहुतेक पूर्ण संकरित गाड्या मोठ्या गटात मोडत असल्याने त्यांच्यावर ४० टक्के कर पडतो. या बदलाचा एक परिणाम असा झाला की, लहान पेट्रोल गाडी स्वस्त झाल्याने तिच्यात व विद्युत् गाडीत असलेले किंमतीचे अंतर वाढले.

तिसरा घटक राज्याच्या मोटार वाहन कराचा आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल गाडीवर किंमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी कर घेतला जातो. विद्युत् गाड्यांना राज्याच्या २०२१ च्या धोरणाने या करातून व नोंदणी शुल्कातून सूट दिली. संकरित गाड्यांना अशी सूट नाही. उत्तर प्रदेशाने मात्र जुलै २०२४ मध्ये पूर्ण संकरित गाड्यांचा नोंदणी कर माफ केला. त्रयस्थ पक्ष विम्याच्या हप्त्यात २०२२ पासून विद्युत् गाड्यांना १५ टक्के व संकरित गाड्यांना ७.५ टक्के सवलत आहे.

विचुंबे येथील हिशेब : विचुंबे हे पनवेल तालुक्यातील गाव गाढी नदीच्या काठी, नवीन पनवेलला लागून वसले आहे. नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्रात (‘नैना’) त्याचा समावेश असून या क्षेत्राचे नियोजन सिडकोकडे आहे. भातशेतीच्या जमिनीवर येथे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या व मुंबई, ठाणे, नवी मुंबईत नोकरी करणारी कुटुंबे राहावयास आली. पनवेल रेल्वे स्थानक जवळ असल्याने त्यांतील अनेकांचा रोजचा प्रवास लोकलने होतो. मुंबईच्या परिघावर वाढलेल्या शेकडो वसाहतींचे हे प्रातिनिधिक उदाहरण आहे.

येथील कुटुंबास मध्यम आकाराची गाडी घ्यावयाची आहे असे मानू. पुढील हिशेबासाठी पेट्रोल लिटरला १०४ रु., नैसर्गिक वायू (सी. एन्. जी.) किग्रॅ. ला ८० रु., घरची वीज युनिटला (एका किलोवॉट-तासास) १० रु. व सार्वजनिक जलद चार्जिंग केंद्रावरील वीज २२ रु. धरली आहे. शहरी रहदारीत पेट्रोल गाडी लिटरला १४ किमी., संकरित गाडी २१ किमी., वायूवरील गाडी किग्रॅ. ला २२ किमी. जाते व विद्युत् गाडीस दर किमी. ला ०.१५ युनिट लागते, असे गृहीत धरले आहे. यावरून इंधनाचा दर किमी. खर्च पेट्रोल गाडीस ७ रु. ४३ पैसे, संकरित गाडीस ४ रु. ९५ पैसे, वायूवरील गाडीस ३ रु. ६४ पैसे, विद्युत् गाडीस सार्वजनिक केंद्रावर ३ रु. ३० पैसे व घरी १ रु. ५० पैसे येतो.

आता पेट्रोल गाडीच्या मानाने वायूवरील गाडी १ लाख, संकरित गाडी ३ लाख व विद्युत् गाडी ४ लाख रुपयांनी महाग पडते असे धरू. इंधनाच्या बचतीतून ही जादा रक्कम भरून निघण्यास वायूवरील गाडी सु. २६,००० किमी., घरी भारित होणारी विद्युत् गाडी सु. ६७,००० किमी., केवळ सार्वजनिक केंद्रावर भारित होणारी विद्युत् गाडी सु. ९७,००० किमी. व संकरित गाडी सु. १,२१,००० किमी. चालावी लागते. या हिशेबात कर्जावरील व्याज, देखभालीतील बचत व पुनर्विक्रीची किंमत धरलेली नाही. व्याजामुळे ही अंतरे वाढतात व देखभालीतील बचतीमुळे ती कमी होतात.

पनवेल ते वाशी हे अंतर सु. २० किमी. आहे. रोज वाशीस गाडीने ये-जा करणाऱ्याची गाडी ३०० दिवसांत सु. १२,००० किमी. चालते. त्याची घरी भारित होणारी विद्युत् गाडी साडेपाच-सहा वर्षांत जादा किंमत भरून काढते. घटमालेवर सामान्यतः ८ वर्षे वा १,६०,००० किमी. पर्यंत हमी दिली जाते. तिच्या मुदतीतच हा हिशेब पूर्ण होतो. हाच मनुष्य सार्वजनिक केंद्रावर अवलंबून असेल, तर त्यास आठ वर्षे लागतात. संकरित गाडीस दहा वर्षे लागतात. याउलट लोकलने कामावर जाणाऱ्या व गाडी केवळ सुटीच्या दिवशी बाहेर काढणाऱ्या कुटुंबाची गाडी वर्षाला ५,००० किमी. चालली, तर विद्युत् गाडीचा हिशेब जुळण्यास घरच्या विजेवरही तेरा वर्षांहून अधिक व संकरित गाडीस चोवीस वर्षे लागतील. वायूवरील गाडीस सव्वापाच वर्षे पुरतात. मुंबई महानगर प्रदेशात वायूवरील गाड्यांना मिळालेल्या पसंतीचे कारण यातून कळते. दिवसाला १५० ते २०० किमी. चालणाऱ्या टॅक्सीस मात्र विद्युत् गाडीची जादा किंमत साधारण दीड वर्षात परत मिळू शकते.

तात्पर्य, जेथे रेल्वेची सोय चांगली आहे तेथे खाजगी विद्युत् गाडीचा आर्थिक पाया दुबळा होतो. असे कुटुंब प्रदूषणही थोडेच करीत असते, ही गोष्ट धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एकाच रकमेचे अनुदान रोज धावणाऱ्या टॅक्सीस, बसगाडीस वा दुचाकीस दिल्यास त्यातून वाचणारे इंधन पुष्कळच जास्त असते.

चार्जिंगची सोय : वरील हिशेबात घरच्या व सार्वजनिक केंद्रावरील विजेच्या दरातील फरक निर्णायक ठरतो. रोजच्या ४० किमी. प्रवासास ६ युनिटे लागतात व ती १५ अँपिअरच्या साध्या प्लगवरून सु. दोन तासांत भरता येतात. ३० किलोवॉट-तासांची रिकामी घटमाला पूर्ण भरण्यास अशा प्लगवर सु. दहा तास लागतात. जलद केंद्रावर तिचा बहुतांश भाग तासाभरात भरतो. म्हणजे साध्या वापरास जलद केंद्राची गरज नसून गाडी रात्री जेथे उभी राहते तेथे एका प्लगची गरज असते.

स्वतंत्र घर असलेल्यास ही सोय सहज करता येते. बहुमजली इमारतीत मात्र गाडी तळमजल्यावरील सामायिक जागेत किंवा इमारतीबाहेर रस्त्यावर उभी असते आणि घरचा वीज-मापक जिन्याखालील फळ्यावर असतो. मापकापासून गाडीपर्यंत तार नेण्यास गृहनिर्माण संस्थेची संमती लागते. आगीची भीती, वायरिंगवरील भार व सामायिक विजेचा खर्च कोणी सोसावा हे आक्षेपाचे नेहमीचे मुद्दे असतात. भाराचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. वीस गाड्या एकाच वेळी लावल्यास सु. ६६ किलोवॉट भार पडेल; परंतु प्रत्येकीस दोनच तास लागत असल्याने रात्रीच्या आठ तासांत पाच-पाच गाड्यांच्या चार पाळ्या केल्यास तो १७ किलोवॉटच्या आत राहतो. यासाठी वेळ ठरविणारे साधे उपकरण, स्वतंत्र उपमापक व योग्य भूसंपर्कन पुरेसे असते.

नियमांनी या बाबतीत काही वाट मोकळी केली आहे. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने विद्युत् वाहन भारित करणे म्हणजे विजेची विक्री नव्हे, असा खुलासा केला व चार्जिंग केंद्रास परवान्याची गरज उरली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत बदल करून नव्या इमारतींतील वाहनतळाच्या २० टक्के जागेत ही सोय असावी अशी तरतूद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने ग्राहकास विद्युत् वाहनासाठी स्वतंत्र वीजजोड मागण्याचा हक्क दिला. हे नियम होण्यापूर्वी बांधलेल्या इमारतींत आणि वाहनतळाची हक्काची जागा नसलेल्या रहिवाशांत हा प्रश्न शिल्लक राहतो. ज्यास तळमजल्यावर जागा आहे त्यास दीड रुपयात, व ज्यास ती नाही त्यास तीन रुपयांहून अधिक खर्चून एक किमी. जावे लागते. दोघांचे उत्पन्न सारखे असले, तरी हा भेद राहतोच. अशा रहिवाशास संकरित गाडी सोयीची आहे. परंतु तिच्यावर करांचा भार सर्वांत जास्त आहे.

शासकीय उत्तेजन व प्रसार : केंद्र शासनाने २०१३ मध्ये राष्ट्रीय विद्युत् गतिशीलता योजना जाहीर केली व तिच्या अनुषंगाने १ एप्रिल २०१५ पासून ‘फेम’ ही अनुदान योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात संकरित गाड्यांनाही अनुदान होते. सौम्य संकरित गाड्या १ एप्रिल २०१७ पासून त्यातून वगळण्यात आल्या. दुसऱ्या टप्प्यासाठी (एप्रिल २०१९ ते मार्च २०२४) १०,००० कोटी रुपयांची तरतूद होती. त्यात दुचाकी, तीनचाकी, बसगाड्या व व्यावसायिक मोटारगाड्या यांना अनुदान मिळाले. खाजगी मोटारगाड्या वगळल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेतही खाजगी मोटारगाडीस थेट अनुदान नाही. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांच्या व्याजावर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत आयकरातील वजावट देण्यात आली.

महाराष्ट्राने जुलै २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीपैकी १० टक्के वाहने विद्युत् असावीत असे उद्दिष्ट ठेवले. पहिल्या १०,००० विद्युत् मोटारगाड्यांना घटमालेच्या दर किलोवॉट-तासास ५,००० रु., कमाल १.५ लाख रु. अनुदान देण्याची त्यात तरतूद होती. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या धोरणाने मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर विद्युत् मोटारगाड्यांना पथकरातून सूट दिली. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. द्रुतगती मार्गाचा पथकर एप्रिल २०२३ पासून एका वेळेस ३२० रु. असा ठरला होता. त्या दराने पुण्याच्या एका जाण्या-येण्यात ६४० रु. वाचतात. पनवेल परिसरातून पुण्यास वारंवार जाणाऱ्यास ही बचतही मोलाची ठरते.

प्रसाराचे चित्र देशोदेशी भिन्न आहे. २०२४ मध्ये जगात सु. १.७ कोटी विद्युत् मोटारगाड्या (बाहेरून भारित होणाऱ्या संकरित गाड्यांसह) विकल्या गेल्या. नव्या गाड्यांत हे प्रमाण पाचांत एकाहून अधिक होते. चीनमध्ये ते निम्म्याच्या जवळ पोहोचले होते. नॉर्वेत नव्या गाड्यांपैकी सु. ८९ टक्के पूर्ण विद्युत् होत्या. तेथे पेट्रोल गाड्यांवर भारी कर आहे, वीज मुख्यतः जलशक्तीपासून मिळते व बहुतेक कुटुंबांस घराशीच गाडी उभी करता येते. भारतात २०२४ मध्ये सु. एक लाख विद्युत् मोटारगाड्या विकल्या गेल्या व एकूण मोटारगाड्यांत त्यांचे प्रमाण सु. २.४ टक्के होते. त्याच वर्षी विद्युत् दुचाकींची विक्री अकरा लाखांवर गेली. दुचाकीची घटमाला लहान असते, ती रोज चालते व साध्या प्लगवर भारित होते. वर सांगितलेल्या अटी तिच्या बाबतीत सहज पूर्ण होत असल्याने तिचा प्रसार आधी झाला.

पर्यावरणावरील परिणाम : विद्युत् गाडीतून धूर निघत नाही, यामुळे दाट वस्तीतील हवा स्वच्छ राहण्यास मदत होते. कार्बन डाय-ऑक्साइडाचा हिशेब मात्र वीज कशापासून होते यावर अवलंबून असतो. भारतात सु. तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून होते व एका युनिटामागे सरासरी ०.७ किग्रॅ. हून थोडा अधिक कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. वहनातील क्षय धरून विद्युत् गाडीमागे दर किमी. ला हे उत्सर्जन सु. १२५ ते १३० ग्रॅ. येते. वर गृहीत धरलेल्या पेट्रोल गाडीचे उत्सर्जन सु. १६५ ग्रॅ. व संकरित गाडीचे सु. ११० ग्रॅ. येते, तेलाच्या शुद्धीकरणातील व वाहतुकीतील उत्सर्जन त्यात मिळविल्यास हे आकडे सु. एक-पंचमांशाने वाढतात. म्हणजे आजच्या विजेवर विद्युत् व संकरित गाडी जवळजवळ बरोबरीने उतरतात व दोन्ही पेट्रोल गाडीपेक्षा सरस आहेत. घटमाला तयार करतानाही बरीच ऊर्जा खर्च होते. ती भरून निघण्यास विद्युत् गाडी बरेच अंतर चालावी लागते. सौर व पवन विजेचा वाटा वाढेल तसतशी रस्त्यावर असलेली विद्युत् गाडी आपोआप अधिक स्वच्छ होत जाते. संकरित गाडीचे उत्सर्जन तसे घटत नाही.

सुरक्षितता व पुनर्वापर : घटमालेत अंतर्गत लघुमंडल झाल्यास उष्णता झपाट्याने वाढून आग लागू शकते. यासाठी ए. आय. एस.-०३८ या मानकातील सुधारित कसोट्या डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू करण्यात आल्या. वाहनांच्या अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था म्हणजे पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही होय. कोकणातील पावसात घटमालेची जलरोधकता महत्त्वाची ठरते. ‘आय पी ६७’ या दर्जाच्या घटमालेचे कवच एक मी. खोल पाण्यात अर्धा तास टिकते. तथापि पुराच्या पाण्यात बराच काळ बुडालेली गाडी तपासणीपूर्वी सुरू करणे वा भारित करणे धोक्याचे असते.

घटमालेची क्षमता मूळच्या सु. ७० ते ८० टक्क्यांवर आल्यावर ती गाडीस अपुरी वाटू लागते. परंतु सौर वीज साठविण्यासारख्या स्थिर कामास ती आणखी काही वर्षे उपयोगी पडते. त्यानंतर तिच्यातील लिथियम, कोबाल्ट, निकेल व तांबे वेगळे काढता येतात. ऑगस्ट २०२२ च्या घटमाला अपशिष्ट व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या घटमाला परत घेण्याची व त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती कितपत पार पाडली जाते यावर जुन्या विद्युत् गाडीची पुनर्विक्रीची किंमत आणि पर्यायाने नव्या गाडीचा एकूण खर्चही अवलंबून राहील.